न बोलणाऱ्या माणसाचं वाक्य

४ मार्च १८०१. वॉशिंग्टनला तेव्हा शहर म्हणणंही धाडसाचंच होतं. कॅपिटॉलची इमारत अर्धीमुर्धी उभी, रस्ते चिखलाचे, आणि टेकडीच्या आसपास थोडीफार वसतिगृहं. त्यातल्याच एका वसतिगृहातून थॉमस जेफरसन पायी निघाला आणि सेनेटच्या दालनात येऊन त्याने अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. मावळता अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स त्या दिवशी पहाटे चारलाच गाव सोडून गेला होता. निवडणूक इतकी कडवट झाली होती की विजयी माणसाशेजारी उभं राहणं त्याला नको वाटलं असावं. दालन खचाखच भरलेलं. जेफरसन भाषणाला उभा राहिला आणि पुढच्या काही रांगा सोडल्या तर कुणाला काही ऐकूच आलं नाही. आवाज बारीक, जवळजवळ पुटपुटल्यासारखा.

पण भाषणाची प्रत त्याने आधीच ‘नॅशनल इंटेलिजन्सर’ या वर्तमानपत्राला देऊन ठेवली होती. लोक बाहेर पडले आणि जे कानांना ऐकू आलं नव्हतं ते छापील कागदावर त्यांच्या हातात पडलं: ‘आपण सगळेच रिपब्लिकन, आपण सगळेच फेडरलिस्ट.’ रिपब्लिकन हा त्याचा पक्ष, फेडरलिस्ट हा हरलेल्या अ‍ॅडम्सचा. हरलेल्यांकडे वळून ‘मतभेद म्हणजे तत्त्वभेद नव्हे’ असं सांगण्याची अमेरिकी अध्यक्षांची रीत त्या दिवशी पडली. आजही निवडून आलेला अध्यक्ष पहिल्या भाषणात ‘मी सगळ्यांचा’ म्हणतो, तेव्हा तो बऱ्याच अंशी जेफरसनचं उसनं बोलत असतो.

वक्तृत्वाच्या इतिहासात या माणसाची जागा नेमकी कुठे, हा प्रश्न मला फार दिवस पडलेला आहे. काँग्रेसमध्ये त्याच्यासोबत बसलेल्या अ‍ॅडम्सने लिहून ठेवलंय की, एकत्र होतो तेवढ्या काळात मी त्याला सलग तीन वाक्यं बोलताना ऐकलं नाही. अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसपुढे जाऊन वार्षिक भाषण करायची प्रथाही त्याने बंद केली. राजाच्या सिंहासनावरून होणाऱ्या भाषणासारखं ते वाटतं, असं कारण होतं. बोलायचा कंटाळा हेही होतंच. त्याने संदेश लिहून पाठवला. पुढचे अध्यक्षही लिहूनच पाठवत राहिले, ते थेट १९१३ मध्ये वुड्रो विल्सन स्वतः जाऊन उभा राहीपर्यंत. बोलण्यापासून असा पळणारा माणूस, आणि तरी अमेरिकेच्या राजकीय भाषेचा पाया त्याच्या हातचा. माझ्या मते हे त्याच्या मौनामुळेच घडलं. जे स्वतःला बोलता येणार नव्हतं ते त्याने दुसऱ्याच्या तोंडात बसेल असं लिहिलं.

चांगलं बोलणं म्हणजे काय, हे त्याला पुरेपूर कळत होतं. १७६५ मध्ये विल्यम्सबर्गला कायदा शिकत असताना विधानसभेच्या दाराशी उभं राहून त्याने पॅट्रिक हेन्री या वक्त्याचं, इंग्लंडने लादलेल्या स्टँप कराच्या कायद्याविरुद्धचं भाषण ऐकलं. म्हातारपणी त्याने त्याबद्दल लिहिलं की, होमर जसा लिहायचा तसा हा माणूस बोलत होता. बावीस वर्षांचा, उंच, लाजाळू, तांबूस केसांचा तो मुलगा त्या दाराशी उभा आहे आणि आतून येणारा आवाज आपल्या गळ्यातून कधीच निघणार नाही हे त्याला समजतंय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतं. वक्तृत्वाची ओढ आहे, पण गळा नाही. अशी माणसं लिहितात.

जून १७७६ मध्ये फिलाडेल्फियात काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यासाठी पाच जणांची समिती नेमली: जेफरसन, अ‍ॅडम्स, बेंजामिन फ्रँकलिन, रॉजर शर्मन, रॉबर्ट लिव्हिंग्स्टन. लिहायचं काम तेहतीस वर्षांच्या जेफरसनकडे आलं. जेकब ग्राफ नावाच्या गवंड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या त्याने भाड्याने घेतल्या होत्या. स्वतः आराखडा काढून करून घेतलेलं एक छोटं घडीचं लिहायचं मेज होतं. मांडीवर घेऊन लिहिता येईल असं. ते मेज आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आणि त्याची सेवाचाकरी करायला त्या मुक्कामात एक चौदा वर्षांचा मुलगा होता, रॉबर्ट हेमिंग्ज. तो जेफरसनचा गुलाम. शिवाय जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ. तिच्या वडिलांना एका गुलाम स्त्रीपासून झालेला. ‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य ज्या दिवसांत कागदावर उतरत होतं, त्या दिवसांत त्या लिहिणाऱ्याचे कपडे हा मुलगा सांभाळत होता.

मला ही गोष्ट कळली त्या दिवसापासून ते वाक्य मी रॉबर्टला वगळून वाचूच शकलेलो नाही.

ते संपूर्ण वाक्य असं: सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, त्यांच्या निर्मात्याने त्यांना हिरावून न घेता येणारे काही हक्क दिले आहेत, जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे त्यांपैकीच होत, ही सत्यं आम्ही स्वयंसिद्ध मानतो. यात नवीन विचार फारसा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक त्याच्या आधीचा. जॉर्ज मेसनने व्हर्जिनियाच्या हक्कनाम्यात जवळजवळ हेच म्हटलं होतं, आणि तेही त्याच जून महिन्यात. जेफरसनने स्वतः १८२५ मधल्या एका पत्रात मान्य केलंय की, नवी तत्त्वं शोधणं हा हेतू नव्हताच. अमेरिकी मनात जे होतं ते शब्दांत मांडायचं होतं. पण मेसनचं वाक्य आज कुणाला पाठ नाही. ते वकिलाचं वाक्य आहे. अटी, पोटवाक्यं, खबरदारी. जेफरसनने ते सोलून काढलं. एका दमात म्हणता येईल इतकं.

मग काँग्रेसने त्यावर कात्री चालवली. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर टाकणारा एक लांब, तापलेला परिच्छेद होता. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहाखातर तो पूर्ण काढला गेला. जेफरसन सगळा वेळ गप्प बसून होता. मसुद्याच्या बाजूने भांडत होता तो अ‍ॅडम्स. शेजारी बसलेल्या फ्रँकलिनने जेफरसनची तगमग ओळखली आणि एक गोष्ट सांगितली. एका टोपीवाल्याने पाटी करायला घेतली: ‘जॉन थॉम्प्सन, टोपीवाला, रोखीने टोप्या बनवतो व विकतो’, सोबत टोपीचं चित्र. मित्रांना दाखवली, तर प्रत्येक जण एकेक शब्द अनावश्यक म्हणून काढत गेला आणि शेवटी उरलं नुसतं नाव नि टोपीचं चित्र. फ्रँकलिन म्हणाला, म्हणूनच इतरांनी तपासायचे कागद मी लिहीत नाही. जेफरसनचा सल मात्र या गोष्टीने गेला नाही. मूळ मसुद्याच्या प्रती काढून तो मित्रांना पाठवत राहिला: बघा, मी काय लिहिलं होतं आणि त्यांनी काय केलं.

काँग्रेसने मजकूर सुधारला, असंच मला वाटतं. राजावर गुलामगिरीचं खापर फोडणारा तो परिच्छेद राहिला असता तर ते खोटं राहिलं असतं.

जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. ‘त्याच्या काळाचा माणूस’ ही सबब मला पटत नाही, कारण त्याच्याच काळात, त्याच्याच व्हर्जिनियात वेगळं वागणारे होते. रॉबर्ट कार्टर या जमीनदाराने १७९१ मध्ये दस्त करून आपल्या शेकडो गुलामांना मुक्त करायला सुरुवात केली. जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त केले. एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने १८१४ मध्ये जेफरसनला पत्र लिहिलं: तुमचा शब्द वजनदार आहे, तुम्ही पुढे व्हा. उत्तर आलं की हे काम तरुणांचं, माझं वय झालं. आणि वर सल्ला की तुम्हीही गुलामांना टाकून राज्य सोडू नका. कोल्स ऐकला नाही. आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयला गेला, वाटेतच त्यांना स्वातंत्र्य दिलं आणि पुढे त्या राज्याचा गव्हर्नर झाला.

जेफरसनला त्याच्याच वाक्याचा जाब विचारणारा पहिल्या काही जणांतला एक म्हणजे बेंजामिन बॅनेकर. मेरीलँडचा स्वतंत्र कृष्णवर्णीय, स्वतःच्या अभ्यासाने खगोलगणित शिकलेला, पंचांग तयार करणारा. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने परराष्ट्रमंत्री जेफरसनला पत्र लिहिलं, सोबत आपलं पंचांग जोडलं आणि पत्रात जाहीरनाम्यातलं ते वाक्य उतरवून विचारलं: तुम्हाला राजाचा जुलूम झोंबला तेव्हा तुम्ही हे लिहिलंत, मग माझ्या बांधवांना तुम्ही स्वतः कसे कैदेत ठेवता? जेफरसनचं उत्तर अदबीचं आणि आखडतं. ते पंचांग पॅरिसला एका विद्वानाकडे पाठवल्याचं त्याने कळवलं. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

अमेरिकी भाषणकलेचा सगळ्यात टिकाऊ साचा मला या पत्रात दिसतो. नवं तत्त्व मांडायचं नाही; समोरच्याचा सहीचा कागद काढून त्याच्यापुढे धरायचा आणि म्हणायचं, तुमचाच शब्द आहे, पाळा.

१८४८ च्या जुलैमध्ये सेनेका फॉल्स इथल्या चर्चमध्ये बायका जमल्या आणि एलिझाबेथ केडी स्टँटनने तयार केलेला जाहीरनामा वाचला गेला. जेफरसनचाच आराखडा, त्याचीच लय. ‘सर्व पुरुष आणि स्त्रिया समान’ एवढा बदल. जेफरसनने राजाविरुद्ध ‘त्याने असं केलं, त्याने तसं केलं’ अशी तक्रारींची रांग लावली होती. इथे रांग तीच, फक्त ‘तो’ म्हणजे राजा नव्हे, पुरुषजात. त्या सभेला फ्रेडरिक डग्लस हजर होता. चार वर्षांनी, ५ जुलै १८५२ रोजी, रॉचेस्टरमध्ये त्याने जे भाषण केलं ते मी अधूनमधून मोठ्याने वाचतो. गुलामीतून पळालेला हा माणूस जाहीरनामा लिहिणाऱ्यांना शूर म्हणतो, त्यांचा मान राखतो, आणि तेवढ्यात सर्वनाम फिरवतो: तुमचे पूर्वज, तुमचं स्वातंत्र्य. ‘ही चार जुलै तुमची आहे, माझी नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक केलाच पाहिजे.’

जेफरसनच्या त्या समानतेच्या वाक्याची ताकद शत्रूंनाही कळली होती. गुलामगिरीचा कैवारी सेनेटर जॉन कॅलहूनने १८४८ मध्ये सेनेटमध्ये ते खोटं ठरवलं. इंडियानाचा सेनेटर जॉन पेटिट १८५४ मध्ये म्हणाला, हे स्वयंसिद्ध सत्य नव्हे, स्वयंसिद्ध असत्य आहे. आणि १८६१ च्या मार्चमध्ये दक्षिणेच्या बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सवाना शहरात उघड म्हणाला की, जेफरसनच्या पिढीचे हे विचार मुळातच चुकीचे होते, आमच्या राज्याची कोनशिला नेमकी त्याविरुद्ध आहे. एका वाक्याला इतकं भ्यायलेले लोक मी इतिहासात फार पाहिले नाहीत.

लिंकनने मात्र ते वाक्य हातातून कधी सोडलं नाही. १८५७ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या भाषणात त्याने एक विलक्षण मुद्दा मांडला. इंग्लंडपासून फुटायला या वाक्याची काहीच गरज नव्हती, तो म्हणाला. ते जाहीरनाम्यात घातलं गेलं ते त्या वेळच्या कामासाठी नव्हेच, पुढच्या काळासाठी. पुढे कुणी मोकळ्या लोकांना पुन्हा जुलमाच्या वाटेवर नेऊ पाहील तेव्हा त्याच्या पायात हे अडखळावं म्हणून. १८५९ मधल्या पत्रात तर ‘जेफरसनला सारा मान’ म्हणून त्याने लिहिलं, की एका राष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्याच्या घाईतही या माणसाने शांत डोक्याने सगळ्या माणसांना आणि सगळ्या काळांना लागू पडेल असं सत्य त्या कागदात रोवून ठेवलं. जेफरसनच्या मनात खरंच एवढं दूरचं होतं का? मला शंका आहे. पण लिंकनने ते त्याच्या नावावर जमा केलं, आणि यात लिंकनचा मोठेपणा मला जेफरसनपेक्षा जास्त दिसतो. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या युद्धभूमीवर तो पावणेतीनशेच्या आत शब्द बोलला. सुरुवातच सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी अशी. वजाबाकी केली की १७७६ येतं. राज्यघटनेचं १७८७ नव्हे. गुलामगिरीशी तडजोड केलेल्या कागदाला त्याने राष्ट्राचा जन्म मानलं नाही. जन्म त्या वाक्यापाशी धरला. आणि जेफरसनने जे स्वयंसिद्ध म्हणून सोडून दिलं होतं, ते अजून सिद्ध व्हायचं आहे, त्यासाठी ही माणसं इथे मेली, असं त्याने सांगितलं.

शंभर वर्षांनी त्याच लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले. २८ ऑगस्ट १९६३. स्वप्नाचं भाषण म्हणून जग ते ओळखतं, पण सुरुवातीचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. प्रजासत्ताकाच्या शिल्पकारांनी जाहीरनामा आणि घटना लिहिली तेव्हा त्यांनी एका वचनचिठ्ठीवर सही केली, किंग म्हणाले. आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेला धनादेश ‘खात्यात पैसे नाहीत’ असा शेरा होऊन परत आला. न्यायाची बँक बुडाली आहे यावर विश्वास ठेवायला आम्ही नकार देतो. बॅनेकरच्या पत्रातलीच ही मागणी. फक्त तिथे एक माणूस एका माणसाला लिहीत होता, आणि इथे अडीच लाखांच्या आसपास लोक ऐकत होते.

जेफरसनच्या भाषेची दुसरी बाजूही सांगायला हवी. १७८७ मध्ये पॅरिसहून लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने लिहिलं की स्वातंत्र्याच्या वृक्षाला अधूनमधून देशभक्तांच्या आणि जुलमी लोकांच्या रक्ताचं खत लागतं. दूर बसून लिहिलेलं झोकदार वाक्य. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत स्फोटाने उडवून १६८ जीव घेणाऱ्या टिमोथी मॅकव्हेच्या अंगातल्या शर्टावर हेच वाक्य छापलेलं होतं. ज्याला वाक्य जमतं, त्याच्या हातून असंही होतं.

भाचीकडे व्हर्जिनियात गेलो होतो तेव्हा माँटिसेलो पाहिलं. टेकडीवरचं जेफरसनचं घुमटाचं घर, त्याच्याच डोक्यातून उतरलेलं. प्रवेशाच्या दालनात मोठं घड्याळ आहे. तोफगोळ्यांची वजनं भिंतीवरून खाली सरकतात आणि वार दाखवतात. भिंत कमी पडली म्हणून जमिनीला भोकं पाडली, त्यामुळे शनिवार तळघरात आहे. मला घराइतकाच मलबेरी रो नावाचा रस्ता आठवतो. तिथे खिळ्यांचा कारखाना होता आणि दहा ते सोळा वयाची गुलाम मुलं दिवसभर खिळे ठोकत. जेफरसन त्यांचा हिशेब रोज स्वतः लिहायचा. २०१८ पासून तिथे सॅली हेमिंग्जच्या आयुष्यावरचं दालन आहे. रॉबर्टची ही धाकटी बहीण, आणि माँटिसेलो चालवणारी संस्था आता सरळ सांगते की तिच्या मुलांचा बाप जेफरसन होता.

जेफरसन वारला तो ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. त्याच दिवशी काही तासांनी अ‍ॅडम्सही. हा योगायोग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यानंतरचा जानेवारी कमी जणांना माहीत असतो. कर्ज एक लाख सात हजार डॉलरांच्या वर गेलं होतं, म्हणून १८२७ च्या जानेवारीत त्याच टेकडीवर लिलाव झाला आणि १३० माणसं विक्रीला काढली गेली. लोहार जो फॉसेटला मृत्युपत्राने स्वातंत्र्य दिलं होतं, पण त्याची बायको आणि मुलं विकली गेली. मुलगा पीटर अकरा वर्षांचा होता. तो पुढे मुक्त झाला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला, पळून येणाऱ्या गुलामांना त्याने मदत केली, आणि १९०० मध्ये पुन्हा एकदा माँटिसेलो पाहायला आला.

मरणापूर्वी दहा दिवस जेफरसनने जे पत्र लिहिलं त्यात म्हटलंय की बहुसंख्य माणसं पाठीवर खोगीर घेऊन जन्मलेली नाहीत, आणि मूठभर भाग्यवंत त्यांच्यावर स्वार व्हायला टाचेची आर लावून जन्मलेले नाहीत. हेही उसनंच. १६८५ मध्ये रिचर्ड रंबोल्ड नावाच्या इंग्रज बंडखोराने फाशी जाताना काढलेले हे उद्गार. अखेरच्या दिवसांतही त्याने दुसऱ्याचं बोलणं घासूनपुसून पुढे दिलं.

आपल्याकडे या सगळ्याचे पडसाद आले ते थेट जेफरसनच्या नावाने नव्हे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. मी जेफरसनपाशी पोचलो ते मात्र बाबासाहेबांमुळे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात ते जेफरसनचं मत सविस्तर उद्धृत करतात: प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्र समजावं, तिला बहुमताने स्वतःला बांधून घेता येतं, पण पुढच्या पिढीला बांधता येत नाही. जेफरसन म्हणतो ते नुसतं खरं नाही, पूर्णपणे खरं आहे, असं बाबासाहेब म्हणतात, आणि म्हणून आपण घटनादुरुस्तीची वाट सोपी ठेवली आहे, हे सभागृहाला समजावतात.

त्याच भाषणात थोडं पुढे ते वाक्य येतं: २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर जे विषमतेने पोळले आहेत ते या सभेने इतक्या कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. जेफरसनच्या कागदाला हा प्रश्न बॅनेकरने विचारला, डग्लसने विचारला, किंग यांनी विचारला. लिहिणाऱ्याने स्वतः कधीच विचारला नाही. बाबासाहेबांनी तो स्वतःच्या हातच्या मसुद्याला विचारला, सभागृहात उभं राहून, घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी.